आईला आवडलेलं स्कॉटलंड : मेलरोज

एडिंबरात आमचा तिसरा दिवस होता. किल्ला बघून झाला होता, रॉयल माइलवर बॅगपाइप वाजवणाऱ्या काकांबरोबर फोटो काढून झाला होता आणि शाली-स्कार्फच्या दुकानांत आईचे किमान चार तास गेले होते. रात्री जेवताना ती म्हणाली, "सगळं छान आहे गं, पण इथे राहणाऱ्यांपेक्षा फिरायला आलेलेच जास्त दिसतात. एखादं साधं गाव नाही का? जिथे माणसं राहतात असं?"

ताई एडिंबराला शिकायला आली आणि तिथेच नोकरीला लागली. राहायची सोय तिच्याकडे होती, म्हणूनच माझ्यासारख्या कंटेंट लिहिणाऱ्या मुलीला आणि इंदूरबाहेर फारशी कधी न पडलेल्या आमच्या आईला हा प्रवास परवडला. आपल्याकडच्या बहुतेक टूरवाल्यांच्या यादीत स्कॉटलंड म्हणजे एडिंबरा, लॉख नेस आणि वरचे डोंगर. म्हणजे सगळं उत्तरेला. ताईने मात्र फोनवरचा नकाशा खाली सरकवला, इंग्लंडच्या हद्दीजवळ. "मेलरोजला जाऊ या. ट्रेनने तासाभराचा प्रवास. गाव एवढंसं आहे, आईचे गुडघेही दुखणार नाहीत."

गुडघ्यांचं तिचं भाकीत अर्धंच खरं ठरलं. पण त्या गावात आईने जे पाहिलं, त्याबद्दल ती इंदूरला परत आल्यावरही बोलते. एडिंबराच्या किल्ल्याबद्दल नाही बोलत.

कादंबरीच्या नावाचं स्टेशन

ज्या स्टेशनातून आपण निघतो, त्याचं नाव वेव्हर्ली. हे नाव एका कादंबरीचं आहे. सर वॉल्टर स्कॉट यांची 'वेव्हर्ली' १८१४ मध्ये आली, तीही लेखकाच्या नावाशिवाय, आणि इतकी गाजली की पुढे शहराचं मुख्य स्टेशनच तिच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. बीएला असताना मी स्कॉटची 'आयव्हॅनहो' परीक्षेपुरती वाचली होती, म्हणजे गाइडमधून. हे कबूल केलेलं बरं, कारण पुढचे दोन दिवस हा माणूस काही आमची पाठ सोडणार नव्हता.

ट्रेन साधीच, दोन-तीन डब्यांची. बाहेर मेंढ्या, दगडी कुंपणं, मधूनच एखादी नदी. पण या रुळांची गोष्ट साधी नाही. हा मार्ग जानेवारी १९६९ मध्ये तोट्याचं कारण देऊन बंद करण्यात आला होता. हॉइक या गावातल्या मॅज एलियट नावाच्या गृहिणीने हजारो सह्यांचं निवेदन लंडनला पंतप्रधानांच्या दारापर्यंत नेलं होतं. तरीही निर्णय फिरला नाही. शेवटच्या रात्री न्यूकॅसलटन गावच्या लोकांनी फाटक बंद करून गाडी अडवली, गावच्या पाद्रीला पोलिसांनी पकडलं आणि त्याला सोडल्यावरच गाडी पुढे गेली. त्यानंतर या सगळ्या सीमाभागात रेल्वे अशी उरलीच नाही. ४६ वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, एडिंबरापासून ट्वीडबँकपर्यंतचा तुकडा पुन्हा सुरू झाला. हॉइकपर्यंत मात्र ट्रेन अजून गेलेली नाही.

आईला ही गोष्ट सांगितली तर तिने लगेच हिशेब केला. "म्हणजे सही केली तेव्हा जी पंचवीस वर्षांची होती, ती गाडीत बसली तेव्हा सत्तरीची."

ट्वीडबँक हे शेवटचं स्टेशन. तिथून मेलरोज साधारण तीन किलोमीटर. बस मिळते, चालतही जाता येतं. मेलरोजचं स्वतःचं जुनं स्टेशन अजून उभं आहे, पण त्याच्या फलाटाशेजारून आता रूळ नाही, मोटारींचा रस्ता जातो.

आम्ही मात्र एक स्टेशन आधी, गॅलाशील्सला उतरलो. तुमच्या घरात कुणीही भरतकाम करत असेल तर तुम्हीही उतरा. स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर 'ग्रेट टॅपेस्ट्री ऑफ स्कॉटलंड' आहे. कापडाचे १६० तुकडे, एकूण लांबी १४३ मीटर आणि त्यावर लोकरीच्या धाग्यांनी विणलेला एका देशाचा इतिहास. देशभरातल्या सुमारे हजार जणांनी, बहुतेक बायकांनी, आपापल्या गावात बसून हे भरलं. राजे आहेत, लढाया आहेत, तसेच मासे साफ करणाऱ्या बायका आणि गिरणीतल्या कामगारही आहेत. मी आणि ताई पुढे निघून गेलो, तरी आई पहिल्याच रांगेत. चष्मा लावून, कापडापासून वीतभर अंतरावर. "हा साखळी टाका. ही गाठ बघ, अशीच आपली असते." दोन तास गेले. इंग्रजी पाट्या न वाचता तिने जितकं पाहिलं, तितकं मी वाचूनही पाहिलं नाही.

हृदय पुरलेलं गाव

मेलरोजमध्ये शिरलात की पाच मिनिटांत गाव संपेल असं वाटतं. मधोमध छोटा चौक, खाटकाचं दुकान, बेकरी, पुस्तकांचं दुकान, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. मागे तीन शिखरांचे ईल्डन डोंगर. आणि गावाच्या कडेला, घरांच्या मागे एकदम, छप्पर नसलेली भलीमोठी गुलाबी दगडांची इमारत. हीच मेलरोज ॲबी.

स्कॉटलंडचा राजा डेव्हिड पहिला याने ११३६ मध्ये हा मठ स्थापला. सिस्टर्शियन पंथाचे साधू इथे राहायचे, मेंढ्या पाळायचे आणि त्यांची लोकर समुद्रापलीकडे फ्लँडर्सपर्यंत जायची. पण गाव सीमेवरचं. इंग्लंडहून सैन्य निघालं की पहिल्यांदा यांच्याच दारात. १३२२ मध्ये मठ लुटला गेला, १३८५ मध्ये जाळला गेला. पुन्हा बांधला, म्हणून आज दिसणारी नक्षी बहुतेक त्यानंतरची. १५४४ मध्ये आणखी एकदा हल्ला झाला, मग धर्मसुधारणेचा काळ आला आणि नवे साधू येणंच थांबलं. पुढे गावकऱ्यांनी आपल्या घरांसाठी इथले दगड नेले. गावातल्या जुन्या भिंती बघताना हे लक्षात ठेवा.

नक्षीत एक गंमत आहे, ती शोधायला मुलांना सांगा. छताच्या कडेला बॅगपाइप वाजवणारं डुक्कर कोरलेलं आहे. आम्हाला सापडायला पंधरा मिनिटं लागली. आणि हो, दगडांच्या तपासणीसाठी मठाचा काही भाग कधीकधी बंद ठेवतात, तेव्हा जाण्याआधी वेबसाइट पाहून घ्या.

गवतात एक गोल दगड आहे, त्यावर कोरलेलं हृदय. इथे रॉबर्ट द ब्रूसचं हृदय पुरलंय असं मानतात. हो, शाळेच्या पुस्तकात कोळी आणि राजाची गोष्ट होती ना, तोच राजा. कोळ्याची गोष्ट खरी की खोटी ते सोडा, हृदयाची जास्त विलक्षण आहे. ब्रूस १३२९ मध्ये वारला. धर्मयुद्धाला जायचं त्याचं राहून गेलं होतं, म्हणून त्याने मागे सांगून ठेवलं की निदान माझं हृदय तरी घेऊन जा. त्याचा मित्र सर जेम्स डग्लस ते डबीत घालून निघाला, स्पेनमध्ये तेबा इथल्या लढाईत १३३० मध्ये मारला गेला आणि हृदय परत मायदेशी आलं. शरीर डनफर्मलिनला, हृदय मेलरोजला.

१९२१ मध्ये इथे खोदकामात शिशाची एक पेटी सापडली आणि पुन्हा पुरली. १९९६ मध्ये ती पुन्हा वर काढली. तज्ज्ञांनी बाहेरचं आवरण उघडलं, आत आणखी एक लहान शिशाची डबी निघाली. ती मात्र त्यांनी उघडलीच नाही. १९९८ मध्ये जशीच्या तशी जमिनीत ठेवली. ते हृदय ब्रूसचंच, हे ठामपणे सिद्ध करता येत नाही.

"नाही उघडली ते बरं केलं," आई म्हणाली आणि चप्पल काढून त्या दगडाशेजारी दोन मिनिटं उभी राहिली. जूनमध्येही गवत ओलं आणि गार होतं. ताईने तिला चप्पल घालायला सांगितलं, तिने ऐकलं नाही.

खाण्यापिण्याचं थोडं

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण विचारून खा. तिथल्या कॅफेंत मसूर डाळीचं सूप सर्रास मिळतं. नाव ऐकून आपण खूश होतो, पण ते पुष्कळदा डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजवतात. आम्ही पहिल्याच ठिकाणी विचारलं म्हणून वाचलो. बटाटा, चीज, अंडी, स्कोन यांवर दोन दिवस सहज निघतात. शेजारच्या सेलकर्क गावचा 'सेलकर्क बॅनॉक' नक्की घ्या. मनुका घातलेला, लोण्याचा, जाडजूड गोड पाव. एका बेकरीवाल्याने तो १८५९ मध्ये काढला असं सांगतात. टिकतो चांगला, त्यामुळे घरी न्यायलाही बरा. आईने तीन घेतले.

आम्ही एक रात्र गावातल्याच एका घरगुती बी अँड बीमध्ये राहिलो. एडिंबराहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येतं, पण मग हे गाव रात्री साडेनऊच्या उजेडात कसं दिसतं ते कळत नाही. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. मुलं सायकली फिरवत होती, म्हाताऱ्या बायका कुत्र्यांना घेऊन निघाल्या होत्या. आईला हवी होती ती माणसं हीच. ती बाकावर बसून प्रत्येकाला हसून मान हलवत होती आणि तेही हलवत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच ईल्डनवर चढले. सर्वांत उंच शिखर ४२२ मीटर, म्हणजे सिंहगडाची सवय असलेल्यांना काहीच नाही. वारा मात्र असा, की टोपी हातात धरावी लागते. उत्तरेच्या शिखरावर लोहयुगातल्या वस्तीच्या खुणा आहेत, पायथ्याशी रोमन सैन्याचा तळ होता आणि या तीन शिखरांवरूनच रोमनांनी त्याला ट्रिमोंशियम हे नाव दिलं. गावात त्याचं छोटं संग्रहालय आहे. स्थानिकांच्या कथेत मात्र या डोंगराच्या पोटात परीराणी राहते आणि थॉमस नावाच्या कवीला तिने सात वर्षं आत ठेवून घेतलं होतं. मला परी दिसली नाही. दक्षिणेला लांबवर चेव्हियट डोंगरांची निळी रेघ दिसली. ती सरहद्द. जिच्यासाठी तीनशे वर्षं गावं जळली, तिथे आज ना चौकी आहे ना पासपोर्टचा प्रश्न. (पण भारतातून येताना ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो बरं का. युरोपचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही.)

खाली उतरताना ग्रीनयार्ड्सचं मैदान लागतं. घरात खेळाचं वेड असलेलं कुणी असेल तर इथे थांबा. सात-सात खेळाडूंचं रग्बी, जे आता ऑलिंपिकमध्ये असतं, ते याच मैदानावर १८८३ मध्ये सुरू झालं. क्लबकडे पैसे नव्हते. गावातला खाटीक नेड हेग याने सुचवलं की एका दुपारी पुष्कळ सामने लावू, तिकीट लावू. पंधरा-पंधरा जणांचे इतके सामने एका दिवसात मावणार नाहीत, म्हणून सात. आणि रग्बीचाच विषय निघाला म्हणून सांगते, इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी भिडतात त्याचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा त्याच्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला. मुठीला नाग, झाकणावर हत्ती.

आधी समाधी, मग घर

नाश्ता करून आम्ही टॅक्सी केली, कारण ड्रायबराला जायला बसची गैरसोय आहे. वाटेत 'स्कॉट्स व्ह्यू' नावाचं वळण लागतं. खाली ट्वीड नदीचा मोठा वळसा, समोर तीन ईल्डन. स्कॉटला ही जागा फार आवडायची. त्याची अंत्ययात्रा इथून गेली तेव्हा घोडे सवयीने थांबले, अशी एक आख्यायिका आहे.

ड्रायबराचा मठ मेलरोजपेक्षा शांत. चहूबाजूंनी झाडं, नदीचा आवाज आणि भिंतींच्या मधोमध स्कॉटची कबर. काही पावलांवर पहिल्या महायुद्धातले फील्ड मार्शल हेग. एवढा मोठा सेनापती, पण त्याच्या डोक्याशी साध्या सैनिकाला लावतात तसाच दगड. तिथे आमच्याशिवाय फक्त एक जोडपं होतं, तेही डबा खात बसलेलं.

आणि मग अ‍ॅबट्सफर्ड. स्कॉटचं घर.

ट्वीडबँक स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर, नदीच्या काठाला. आधी इथे एक शेतघर होतं आणि गावकरी त्याला हिणवून चिखलाचा खड्डा म्हणायचे. स्कॉटने ते १८११ मध्ये घेतलं. पूर्वी मेलरोजचे साधू इथून नदी ओलांडायचे, म्हणून त्याने नाव ठेवलं अ‍ॅबट्सफर्ड. पुस्तकांचे पैसे येत गेले, शेजारची जमीन घेतली गेली, घर वाढत गेलं. १८२४ पर्यंत बुरूज, मनोरे, रंगीत काचा, भिंतभर तलवारी, चिलखतं, रॉब रॉयची बंदूक, ईस्ट इंडिया कंपनीतल्या चुलतभावाने पाठवलेला चिनी हाताने रंगवलेला भिंतीचा कागद आणि सुमारे नऊ हजार पुस्तकं. गॅसचे दिवेही होते. तेव्हा स्कॉटलंडमध्ये फार थोड्या घरांत होते.

आपल्या 'उषःकाल'कार हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर स्कॉटचा प्रभाव होता, असं मराठीचे अभ्यासक सांगतात. आईने 'उषःकाल' लग्नाआधी वाचली होती. त्यामुळे हा माणूस तिला अगदीच परका नव्हता. पण तलवारींच्या दालनात ती फारशी खूश दिसली नाही. "एवढी हत्यारं घ्यायची काय गरज होती?" ती हळूच म्हणाली. "पैसे रोख होते का?"

नव्हते. आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

स्कॉट लेखक होता, वकील होता आणि गुपचूप एका छापखान्याचा भागीदारही होता. येणाऱ्या पुस्तकांच्या भरवशावर उचल घेतलेली, हुंड्यांवर हुंड्या. जानेवारी १८२६ मध्ये लंडन आणि एडिंबरातले प्रकाशक बुडाले आणि त्यांच्याबरोबर छापखाना. स्कॉटच्या अंगावर एक लाख वीस हजार पौंडांहून जास्त कर्ज आलं. तेव्हा तो ५४ वर्षांचा होता. दिवाळखोरी जाहीर करून सुटता आलं असतं. घर तर त्याने आदल्याच वर्षी मुलाच्या लग्नात मुलाच्या नावे करून ठेवलं होतं. मित्रांनी मदत देऊ केली, ती त्याने नाकारली. सगळ्या देणेकऱ्यांना त्याने एकच सांगितलं: मला वेळ द्या, लिहून फेडतो.

आणि लिहिलं. एडिंबरातलं घर विकलं. नऊ खंडांचं नेपोलियनचं चरित्र लिहिलं, कादंबऱ्या लिहिल्या, जुन्या कादंबऱ्यांना नव्या प्रस्तावना लिहिल्या. १८२७ मध्ये जाहीरपणे कबूल केलं की 'वेव्हर्ली'चा तो निनावी लेखक मीच. १८३० मध्ये त्याला झटका आला, तरी थांबला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी देणेकऱ्यांनी त्याची पुस्तकं आणि घरातलं सामान कृतज्ञतेने त्याला परत दिलं. १८३२ च्या सप्टेंबरमध्ये याच घरात तो वारला, जेवणाच्या खोलीत, जिच्या खिडकीतून नदी दिसते. उरलेलं कर्ज त्याच्यामागे विमा आणि पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं.

हे सगळं आम्हाला त्याच्या अभ्यासिकेत तिथल्या एका वयस्क स्वयंसेविका बाईंनी सांगितलं. मी आईसाठी मराठीत सांगत होते. खोली लहान आहे. एक टेबल, चामड्याची खुर्ची, वर पुस्तकांचा सज्जा आणि सज्ज्यातून त्याच्या झोपायच्या खोलीकडे जाणारा अरुंद जिना, म्हणजे पहाटे कुणाला न उठवता खाली येऊन लिहायला बसता यावं.

आई त्या जिन्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, "त्यांना विचार, बायकोला माहीत होतं का किती कर्ज आहे ते?"

इथे मला थोडं आमच्याबद्दल सांगायला हवं. मी सातवीत होते तेव्हा बाबांचं भागीदारीतलं कापडाचं दुकान बसलं. भागीदार निघून गेला, सह्या बाबांच्या होत्या. आईला आकडा कळला तो बँकेचा माणूस दारात आला तेव्हा. तिच्या पाटल्या गेल्या, मग तिने डबे सुरू केले. आधी सात, मग चाळीस. पहाटे चारला स्वयंपाकघरात दिवा लागायचा आणि ती दार लोटून घ्यायची, आम्ही उठू नये म्हणून. नऊ वर्षं लागली. घरात या विषयावर कुणी बोलत नाही. ताईसुद्धा नाही.

मी प्रश्न विचारला. बाई क्षणभर थांबल्या. हा प्रश्न त्यांना नेहमीचा नसावा. मग म्हणाल्या, "शार्लट तेव्हा फार आजारी होती. त्याच वर्षी मे महिन्यात ती गेली." मी आईला सांगितलं. तिने मान हलवली. पुढे काही विचारलं नाही.

बाहेर बागेत भिंतीलगत गुलाब होते. आई बाकावर बसली, गुडघा चोळत. ताईने चहा आणला. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "सहा वर्षांत एवढं लिहायचं म्हणजे हात मोडत असेल त्याचा." आणि नंतर, "तरी ती हत्यारं घ्यायला नको होती."

(अ‍ॅबट्सफर्डच्या वेळा हिवाळ्यात बदलतात. मार्च ते ऑक्टोबरमध्ये जाणं सोयीचं. घरात जिने थोडेच आहेत, ऑडिओ गाइड मिळतो आणि बागेत व नदीकाठी मनसोक्त फिरता येतं. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर इथे घाई करू नका, अर्धा दिवस ठेवा.)

ट्वीडबँक स्टेशनवर आम्ही पोहोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. म्हणजे इंदूरला साडेनऊ. आईने बाबांना फोन लावला. बाबा आता दुसऱ्याच्या दुकानात हिशेब बघतात. स्पीकर चालू होता, तो बंद करायचं तिला कधीच जमत नाही.

"जेवलात का?"

"जेवलो. काय बघितलंस आज?"

"एका लेखकाचं घर. तुमच्यासारखाच होता. भागीदारीत बुडाला."

फोनवर काहीच आवाज नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं. फलाटावर गाडी येऊन उभी राहिली होती, दारं उघडली होती.

"मग?" बाबा म्हणाले. "फिटलं का त्याचं?"

"फिटलं," आई म्हणाली. "पण तो गेल्यावर. लिहून लिहून गेला तो." मग पिशवीतले बॅनॉक नीट लावत म्हणाली, "तुम्ही बीपीची गोळी घेतली का?"

"घेतो."

"घेतो नाही. आता घ्या. मी फोन धरून आहे."

आम्ही गाडीत चढलो. पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज येईपर्यंत तिने फोन ठेवला नाही.